दोल्नी व्येस्तोनिचे : तीनशे माणसांचं गाव आणि त्याच्या मातीतली तीस हजार वर्षं

पाणवठा :

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त ब्र्नोला येऊन मला सात वर्षं झाली. चेक देशात आलेले आपले लोक प्राग पाहतात आणि परत जातात. त्यात चूक काही नाही, प्राग आहेच तसं. पण मला कोणी म्हणालं, इथलं एकच ठिकाण दाखव, तर मी त्याला ब्र्नोच्या दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवरच्या एका खेड्यात नेईन. वस्ती जेमतेम तीनशे. एक चर्च, एक छोटं संग्रहालय, द्राक्षमळे, वाइनची तळघरं. नाव दोल्नी व्येस्तोनिचे.

नावाचं आधी सांगते. शेवटच्या 'चे'मधला च 'चहा'तला नाही, 'चूल'मधला. तो उच्चार आपल्या जिभेला घरचाच आहे. 'दोल्नी' म्हणजे खालचं. वरचं, म्हणजे होर्नी व्येस्तोनिचे, पश्चिमेला अगदी जवळ आहे.

मी शक्यतो सायकलने जाते. ब्र्नोहून लोकल पकडून पोपिचे स्टेशनला उतरायचं, मळ्यांमधून स्त्राखोतीन गाव ओलांडायचं, की रस्ता थेट धरणाच्या बांधावर चढतो. दोन्ही हातांना पाणी आणि समोर पालावाचे डोंगर. सर्वांत उंच शिखर द्येवीन, साधारण साडेपाचशे मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही टेकडीच वाटेल. पण भोवतालचा मुलूख इतका सपाट आहे, की चुनखडीची ही पांढरी धार फार लांबूनही नजरेत भरते. हा दगड जुरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचला आणि पुढे कार्पेथियन पर्वत घडताना रेटला जाऊन इथे वर आला. डोंगराच्या उत्तर पायथ्याशी गाव, आणि गावापुढे दिये नदी. जर्मनमध्ये तिला थाया म्हणतात. आज तिथे नदी दिसत नाही, जलाशय दिसतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

गावाचं खरं धन मात्र माती आहे. हिमयुगात थंड, कोरडे वारे बारीक पिवळसर धूळ उडवून आणत आणि डोंगराच्या आडोशाला टाकत. त्या मातीला लोएस म्हणतात. हात लावला तर पिठासारखी, पण उभी कापली तरी ढासळत नाही. गावाजवळच्या जुन्या वीटभट्टीच्या खाणीत तिचा उघडा कडा आहे. पिवळा थर थंड काळाचा, त्यावर तपकिरी थर उबदार काळाचा, पुन्हा पिवळा. सव्वा लाख वर्षांच्या आसपासचा हिशेब तिथे डोळ्यांनी वाचता येतो. चेक लोकांनी त्या जागेला 'कालेंदार्श व्येकू', म्हणजे 'युगांचं कॅलेंडर', असं नाव दिलंय. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा बराच वेळ बोलले नव्हते.

या मातीने जे झाकलं ते सांभाळलं. १९२४ साली कारेल आब्सोलोन या संशोधकाने इथे मोठं उत्खनन सुरू केलं. मॅमथच्या हाडांचे ढीग, गारगोटीची पाती, चुली, राख. आणि १३ जुलै १९२५ ला एका चुलीच्या राखेत भाजलेल्या मातीचे दोन तुकडे मिळाले. जोडले तर एक बाई झाली. उंची ११ सेंटिमीटरच्या किंचित वर. जड स्तन, रुंद कंबर, पाठीवर खोल रेघा, डोळ्यांच्या जागी फक्त दोन तिरक्या खाचा. डोक्यावर चार बारीक भोकं आहेत. पिसं किंवा काड्या खोवत असतील असा अंदाज आहे. वय पंचवीस ते तीस हजार वर्षं. जगभर ती 'व्येस्तोनिचेची व्हीनस' म्हणून ओळखली जाते. २०२५ साली तिच्या शोधाला शंभर वर्षं झाली.

मला मात्र त्या बाईपेक्षाही जागेचं कोडं जास्त खुणावतं. याच उतारावर माणसं पुन्हा पुन्हा का आली?

उत्तर भूगोलात आहे. दक्षिणेकडे डॅन्यूबचं खोरं, उत्तरेकडे पोलंडची मैदानं. मधल्या डोंगररांगांतून जायला मोराव्हियन खिंडीची सोपी वाट आहे, आणि त्या वाटेवर पालावाचा हा पायथा येतो. हिमयुगात मॅमथ, रेनडिअर, घोडे यांचे कळप नदीकाठाने याच वाटेने सरकत असणार. उतारावर तळ टाकला की सगळं खोरं नजरेखाली. पुढे बाल्टिक समुद्राकाठचा अंबर (झाडाच्या चिकाचा दगड झालेला, दागिन्यांत वापरतात तो) दक्षिणेला जायचा तोही याच भागातून. रोमनही इथवर आले. सम्राट मार्कस ऑरेलियस मार्कोमन या जर्मानिक टोळीशी लढत होता त्या वेळी, इसवी सन १७०-१८० च्या दशकात, जवळच्या मुशोव्हच्या टेकडीवर त्यांच्या सैन्याचा तळ होता. तिथे दहाव्या लीजनचे, म्हणजे रोमन सैन्यदलाचे, शिक्के असलेल्या विटा-कौलं सापडली. १९८८ साली मुशोव्हलाच एका जर्मानिक राजाचं थडगं मिळालं. त्यातल्या कांस्याच्या कढईवर चार दाढीवाले चेहरे आहेत, केसांची गाठ कानाच्या बाजूला बांधलेले. नंतर स्लाव्ह आले, नवव्या शतकातल्या महामोराव्हिया या स्लाव्ह राज्याच्या काळातली त्यांची मोठी दफनभूमी गावाच्याच हद्दीत निघाली. मग डोंगरावर द्येविच्कीचा किल्ला, लिख्टनश्टाइन घराणं, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटी शेवटी स्वीडिश सैन्याने तो जाळणं. किल्ल्याचे पडके बुरूज आजही गावातून दिसतात.

कित्येक शतकं गाव जर्मनभाषक होतं, नाव उंटरविस्टरनिट्झ. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा पट्टा जर्मनीने घेतला. नाझी नेता हिमलरच्या 'आनेनएर्बे' या संस्थेने इथे स्वतःचं उत्खनन चालवलं. त्यांना आपल्या वंशाची पुरातन मुळं सिद्ध करायची होती. उत्खननातल्या वस्तूंचा मोठा साठा जवळच्या मिकुलोव्ह गावच्या राजवाड्यात ठेवला होता. एप्रिल १९४५ मध्ये, युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, राजवाडा जळाला आणि साठाही गेला. पंचवीस हजार वर्षं मातीत नीट राहिलेलं इतकं काही, माणसाच्या हाती आल्यावर वीस वर्षांत राख झालं. हे लिहितानाही मला त्रास होतो.

युद्धानंतर जर्मनांना देशाबाहेर काढलं. त्यांच्या घरांत चेक कुटुंबं आली. म्हणजे आज गावात ज्यांना जुनी माणसं म्हणावं, त्यांचीही मुळं बहुतेक दोन-तीन पिढ्यांचीच. मॅमथ शिकारी, रोमन, जर्मन, चेक, यांच्यात रक्ताचा सलग धागा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. सलग आहे तो हा उतार आणि खालून जाणारी वाट.

१९७५ ते १९८९ या काळात नदीवर नोव्हे म्लीनीचे तीन जलाशय बांधले. पूर रोखायचे होते, शेतीला पाणी हवं होतं. तीसहून अधिक चौरस किलोमीटर पाणी पसरलं. नदीकाठची ओली कुरणं गेली, जुनी जंगलं गेली आणि मुशोव्ह हे आख्खं गाव गेलं. फक्त संत लिनहार्टचं चर्च उरलं. मधल्या जलाशयात एका बेटावर ते एकटं उभं आहे, चहूबाजूंनी पाणी. ब्र्नोहून मिकुलोव्हला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसतं.

आणि याच धरणाच्या कामासाठी व्येस्तोनिचेच्या उतारावरची लोएस माती खणून नेत असताना, पुरातत्त्वज्ञ बोहुस्लाव क्लीमा यांच्या चमूला १९८६ साली एक थडगं सापडलं. एकाच खड्ड्यात तिघं, शेजारी शेजारी. सगळे विशीच्या आसपासचे. डोक्यांवर तांबडा गेरू, दातांचे आणि मॅमथच्या हस्तिदंताचे मणी. मधल्याचं शरीर जन्मापासून वाकडं. डावीकडच्याचे दोन्ही हात मधल्याच्या ओटीपोटाकडे गेलेले, उजवीकडचा पालथा. ज्या धरणाने एक गाव बुडवलं त्याच्याच मातकामात हे तिघं वर आले.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

आडवाट :

अप्रतिम! वाचनखूण साठवली आहे. 'चूल'मधला च वाचून लगेच तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

---

माती_आणि_मडकी :

पाणवठाताई, एक शंका. ही जगातली सर्वांत जुनी मूर्ती समजायची का?

---

पाणवठा :

नाही. जर्मनीत होले फेल्सच्या गुहेत २००८ साली मॅमथच्या हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, ती पस्तीस हजार वर्षांहून जुनी आहे. व्येस्तोनिचेचं वेगळेपण भाजलेल्या मातीचं. इतक्या जुन्या काळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती दुसरीकडे फारशा नाहीत. आणि तुमच्या नावाला साजेशी गोष्ट अशी, की मडकं इथे नाहीच. चीनमधल्या सर्वांत जुन्या मडक्यांचं वय वीस हजार वर्षांच्या आसपास येतं. म्हणजे माणसाला माती मळून भाजायची कळ सापडली, आणि त्याने तिच्यातून भांडं न घडवता हजारो वर्षं आधी बाई घडवली, सिंह घडवला, अस्वल, गेंडा, मॅमथ घडवला.

---

माती_आणि_मडकी :

हे माहीत नव्हतं. आम्ही शाळेत मुलांना शिकवताना गरज आधी आणि कला नंतर असंच सांगतो. आता बदलावं लागेल. धन्यवाद.

---

थर_क्रमांक_सात :

पुरातत्त्व शिकतो आहे, म्हणून थोडी भर घालतो.

पहिलं, तिहेरी थडग्याबद्दल. जुन्या पुस्तकांत मधली व्यक्ती स्त्री असावी असं लिहिलेलं सापडेल. त्यावरून बाळंतपणात गेलेली आई, नवरा आणि सुईणीचं काम करणारा, अशी कथाही मांडली गेली होती. २०१६ साली प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून तिघंही पुरुष असल्याचं दिसलं. त्यामुळे ती कथा आता बाजूला ठेवायला हवी. हातांचा तो विन्यास कशासाठी होता हे कोडं मात्र तसंच आहे.

दुसरं, व्हीनसच्या पाठीवर बोटाचा ठसा आहे. भाजण्याआधी ओल्या मातीवर उमटलेला. मापांवरून तो सात ते पंधरा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा असावा. त्या मुलानेच मूर्ती घडवली असं म्हणता येत नाही. ओली मूर्ती उचलून पाहिली असेल.

तिसरं, कापड. भाजलेल्या मातीच्या काही तुकड्यांवर विणीचे ठसे उमटले आहेत. म्हणजे हे लोक वनस्पतींच्या तंतूंपासून दोर वळत होते, जाळी किंवा कापड विणत होते. आपल्या डोळ्यांसमोर कातडी पांघरलेला शिकारीच येतो. विणकर येत नाही.

---

रानजाई :

उचलून पाहिली असेल!! या एका वाक्यावर थांबले. घरात आईने काही नाजूक करून वाळत ठेवलं की पोरं हात लावणारच.

---

सरळरेघ :

लेख आवडला, पण एका ठिकाणी माझं वेगळं मत आहे. 'व्हीनस' हे नाव आपण का वापरायचं? ते रोमन देवीचं नाव आहे, मागाहून चिकटवलेलं. आणि कोणी तिला आदिमाता म्हणतं, तेही तितकंच मागाहूनचं.

---

पाणवठा :

मान्य आहे, सरळरेघ. नाव फक्त ओळख पटावी म्हणून घेतलं. ती देवी होती, घरातली कोणी होती की तावीज होता, मूर्ती स्वतः काही सांगत नाही.

पण एक उदाहरण देते. १९३६ साली इथेच हस्तिदंतावर कोरलेला एक लहानसा चेहरा सापडला, त्याचं तोंड एका बाजूला झुकलेलं. १९४९ साली क्लीमांना एका बाईचं थडगं मिळालं. मॅमथच्या खांद्याच्या दोन मोठ्या फऱ्यांखाली तिला पुरलं होतं. तिच्या कवटीच्या डाव्या बाजूला जुन्या दुखापतीची खूण होती, म्हणजे जिवंतपणी तिचा चेहरा एकीकडे ओढलेला असणार. काही संशोधकांना वाटतं, तो कोरलेला चेहरा तिचाच. हे सिद्ध झालेलं नाही. पण तसं असेल, तर हे एका ठरावीक बाईचं चित्र होतं, जिला लोक ओळखत होते. मला 'आदिमाता' या मोठ्या शब्दापेक्षा ही शक्यता जवळची वाटते.

---

सरळरेघ :

उत्तर पटलं. हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

---

भीमाकाठ :

मुशोव्हच्या चर्चबद्दल वाचलं आणि पुढे वाचवेना. माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार आटलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं. आई ते पाहायला जायची आणि आल्यावर दोन दिवस गप्प असायची. तिकडच्या लोकांना चर्चपाशी जाता येतं का? आणि त्यांना कुठे वसवलं?

---

पाणवठा :

भीमाकाठ, तुमच्या आईचं वाचून गलबलून आलं.

चर्च कधी बुडत नाही, बेट वर आहे. ते पक्ष्यांचंच असतं. मधला जलाशय १९९४ पासून राखीव आहे. पाणपक्ष्यांसाठी त्यात मुद्दाम बेटं तयार केली आणि पाण्याची पातळीही उतरवली. हिवाळ्यात उत्तरेकडून हंसांचे थवे उतरतात तेव्हा बांधावर उभं राहिलं तरी त्यांचा कलकलाट ऐकू येतो.

मुशोव्हची माणसं आसपासच्या गावांत विखुरली. आणि यात अजून एक दुःख आहे. १९४५ पर्यंत मुशोव्हही जर्मनभाषक गाव होतं. त्यांना हाकलल्यावर जी चेक कुटुंबं आली, त्यांनी तीसेक वर्षांत घर जुळवलं, झाडं लावली, आणि मग त्यांनाही निघायला सांगितलं. एका गावाचं दोनदा उठणं. इथल्या जुन्या स्मशानभूमींत जर्मन नावांचे दगड अजून दिसतात. वरच्या ओळी गॉथिक अक्षरांत, शेवाळलेल्या. त्यांच्या शेजारी चेक नावांची नवी थडगी, त्यांवर ताजी फुलं आणि मेणबत्त्या. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पितरांच्या दिवशी, मुद्दाम एक मेणबत्ती जुन्या दगडापाशी लावते.

---

भीमाकाठ :

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिकडे गेलीस की पुढच्या वेळी माझ्याकडून एक लाव.

---

पाणवठा :

नक्की लावेन, काकूंना सांगा.

---

खडक_चढणारा :

डोंगर चढायला कसा आहे? आणि कधी यावं? जूनमध्ये व्हिएन्नाला येतोय.

---

पाणवठा :

वाट सोपी आहे. गावातून वर द्येविच्कीच्या किल्ल्यापर्यंत चढ, तिथून धारेने द्येवीनवर, आणि मग शेजारच्या पाव्लोव्ह गावात उतरायचं. रमतगमत अर्धा दिवस. पाव्लोव्हचं जमिनीखालचं संग्रहालय चुकवू नका. २०१६ साली सुरू झालं, उत्खननाच्या जागेवरच आहे आणि मॅमथच्या हाडांचा ढीग मूळ जागी पाहता येतो. पाव्लोव्हलाच मॅमथच्या सुळ्यावर कोरलेल्या रेघा सापडल्या. काहींच्या मते तो नदीची वळणं आणि डोंगराचा उतार दाखवणारा नकाशा आहे. इतरांना हे पटत नाही. तुम्ही किल्ल्यावरून खाली बघा आणि मग सुळ्याची प्रतिकृती बघा, स्वतःच ठरवा.

जूनमध्ये ऊन फार असतं, पाणी जास्त घ्या. चेक देशातल्या सर्वांत उबदार आणि कोरड्या भागांपैकी हा एक. मला विचाराल तर एप्रिल. चुनखडीच्या उतारावर वीतभरसुद्धा नसलेले बुटके आयरिस फुलतात, जांभळे आणि पिवळे. नाहीतर सप्टेंबर, द्राक्षं उतरवायचे दिवस. तेव्हा बुर्चाक मिळतं: अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड रस. बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत, वायू कोंडून फुटते. इथल्या एका द्राक्षाच्या वाणाचं नावच 'पालावा' आहे. त्रामीन आणि म्युलर-थुर्गाऊ या दोन वाणांच्या संकरातून योसेफ व्हेव्हेर्का यांनी ते तयार केलं. गुलाबासारखा वास येतो. ही वेल ज्या मातीत रुजते ती तीच, लोएस आणि चुनखडी.

---

माती_आणि_मडकी :

पुन्हा मीच. मूर्ती दोन तुकड्यांत का मिळाली? पडून तुटली?

---

थर_क्रमांक_सात :

याचं उत्तर फार रंजक आहे. तिथे भाजलेल्या मातीचे हजारो तुकडे सापडले आहेत, बहुतेक प्राण्यांच्या मूर्तींचे, आणि अख्ख्या मूर्ती अगदी थोड्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुकड्यांच्या भेगा तपासल्या. पुष्कळशा मूर्ती भाजताना उष्णतेच्या धक्क्याने तडकल्या होत्या. अभ्यासकांचं म्हणणं असं, की हे कौशल्य कमी पडल्यामुळे नसावं. ओली मूर्ती आगीत टाकून ती फुटताना पाहणं हाच विधी असेल. सगळ्यांना हे मान्य नाही.

---

रानजाई :

पाणवठाताई, करून बघा ना घरी! आणि इथे सांगा.

---

पाणवठा :

केलं! म्हणून तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

उत्खननाच्या जागेवरून मूठभरही माती उचलायची नसते. पलीकडच्या गावात एका मैत्रिणीचा द्राक्षमळा आहे, तिच्या बांधावरची लोएस घेतली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ती मळली. पाणी घातल्यावर पिठाचा गोळा होतो तशीच होते, फक्त चटकन कोरडी पडते आणि कडांना भेगा जातात, सारखा हात ओला करावा लागतो. तिने दोन अस्वलं, एक कोल्हा आणि एक बाई केली. निम्म्या वस्तू पंधरा दिवस सावलीत वाळवल्या, उरलेल्या त्याच दिवशी ताज्या केल्या. शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीच्या अंगणात छाटलेल्या वेलींचा जाळ केला.

ओला कोल्हा टाकला. काही क्षण काहीच नाही, मग 'फट्' असा लवंगी फटाक्यासारखा आवाज आणि राख उडाली. कुत्रं भुंकायला लागलं. ओलं अस्वलही तसंच गेलं, त्याचं डोकं माझ्या पायाशी येऊन पडलं. सगळे ओरडलो, आणि मग सगळ्यांना आणखी एक टाकावंसं वाटलं. ती ओढ मला स्वतःत जाणवली, थर_क्रमांक_सात, ती तुम्हाला कळवायची होती.

वाळवलेलं अस्वल आणि बाई जाळात राहिली. सकाळी राख उकरून काढली. अस्वल नीट आहे, वरून काळं आणि एका बाजूला विटकरी. बाईला कमरेपाशी तडा गेलाय पण तुटली नाही. अस्वलाच्या पाठीवर मुलीच्या अंगठ्याचा ठसा आलाय, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. तिने ते शाळेत न्यायचं ठरवलंय.